शाळा उघडण्याआधीचा आठवडा

समजा, तुमच्या मालकीचा एक आठवडा आहे. हसू नका, अशी मालकी असते. तळ्याकाठी एक रिसॉर्ट आहे, त्यातली एक खोली वर्षातून एक आठवडा तुमची. बाकीच्या आठवड्यांचे मालक वेगळे. आणि समजा, नेमक्या त्याच आठवड्यात तुम्हाला घराबाहेर पाऊल टाकता येत नाही. मग तो भाड्याने द्यायला निघा. घर भाड्याने द्यायचं तर कुलूप काढून दाखवता येतं. नळ सोडून दाखवता येतो, भिंतीची ओल कपाटामागे लपवता येते. आठवडा कसा दाखवणार? तो अजून आलेलाच नसतो. आणि एकदा येऊन गेला, की उरलेल्या कापडासारखा घडी घालून ठेवताही येत नाही.

टेलरकाकूंनी पहिल्या वर्षी सरळ दुकानाच्या काचेवर कागद चिकटवला. ‘आठवडा भाड्याने देणे आहे. आत चौकशी करावी.’ पहिला माणूस आत आला आणि त्याने विचारलं, शिलाई मशीनचं आठवड्याचं भाडं किती? दुसऱ्याला वाटलं, दुकानच आठवडाभर मिळणार आहे. त्याला बुटांचा सेल लावायचा होता. काकू प्रत्येकाला पहिल्यापासून समजावून सांगत होत्या आणि माणसं मान डोलावत मागच्या मागे बाहेर पडत होती.

“काकू, त्यापेक्षा ‘नवरा भाड्याने देणे आहे’ असं लिहा,” काजवाली आतून म्हणाली. “निदान काय मिळणार ते तरी लोकांना कळेल.”

काजवाली मागच्या गल्लीत राहायची. काकूंनी शिवलेल्या शर्टांना काजं करणं आणि बटणं लावणं हे तिचं काम, आणि दिवसभर बोलत राहणं ही त्या कामाची वरकड. तिच्या तोंडाला सुईपेक्षा जास्त धार होती, पण काकूंना ती लागत नसे. सवयीने बोट निबर होतं तसे कानही होतात.

ज्या नवऱ्याला भाड्याने द्यायचं काजवाली म्हणत होती, त्यांना सगळी गल्ली ‘सर’ म्हणायची. ते सर नव्हते. शाळेच्या प्रयोगशाळेत काचेच्या नळ्या धुणं, बाटल्यांवर चिठ्ठ्या लावणं, मुलांनी सांडलेलं पुसणं हे त्यांचं काम. पण शाळेतून बाहेर पडणाऱ्या आणि शर्ट खोचलेल्या माणसाला लोक दुसरं काय म्हणणार? पहिली काही वर्षं ते “अहो, मी सर नाही” असं सांगायचे. मग दमले.

तर हा आठवडा घरात आला तो सरांमुळे. एका हॉटेलच्या हॉलमध्ये कुठल्याशा हॉलिडे क्लबने बोलावलं होतं, येणाऱ्या प्रत्येक जोडप्याला कुकर फुकट. काकूंच्या कुकरची शिट्टी तेव्हा नुकतीच बिघडली होती, म्हणून दोघं गेली. टाय लावलेल्या एका पोराने तळ्याचे फोटो दाखवले, काका-काकू करत दोनदा थंड पाजलं. शेवटी त्याने विचारलं, “वर्षातला कुठला आठवडा तुम्हाला मोकळा असतो? कायमचा तोच मिळेल.”

सरांनी क्षणभरही विचार केला नाही. “शाळा उघडायच्या आधीचा,” ते म्हणाले. “त्या आठवड्यात आम्ही अगदी मोकळे.”

काकू तेव्हा खिडकीपाशी उभ्या राहून हॉटेलच्या पडद्यांच्या चुण्या उलटून बघत होत्या. इतक्या जाड कापडाला इतकी बारीक चुणी कशी बसवली असेल, हे त्यांना काही केल्या उमगत नव्हतं. हाक आली तेव्हा त्या आल्या, जिथे बोट दाखवलं तिथे सही केली आणि कुकरचा खोका छातीशी धरला. बसमध्ये बसल्यावर त्यांनी विचारलं, “कुठला आठवडा घेतलात?”

सरांनी सांगितलं.

काकूंनी कुकरचा खोका मांडीवर नीट ठेवला. मग म्हणाल्या, “आम्ही मोकळे म्हणजे कोण हो?”

तेव्हा कुठे सरांच्या डोक्यात उजेड पडला. त्यांच्या घराला दोन्ही बाजूंनी शाळाच जगवत होती. मात्र शाळा बंद असली की सर मोकळे, आणि शाळा उघडायची असली की काकूंना श्वास घ्यायला फुरसत नाही. शाळेचे सगळे गणवेश काकू शिवायच्या. त्या शेवटच्या आठवड्यात दुकानात पाय ठेवायला जागा नसायची. निळ्या स्कर्टांचे ढीग, पांढऱ्या शर्टांचे ढीग, आणि दारात आयांची रांग. इतकी वर्षं सर त्या आठवड्यात गरम इस्त्री हातात घेऊन काकूंच्या शेजारी उभे राहायचे, आणि तरीही त्यांच्या हिशेबी तो सुट्टीचाच आठवडा होता. काकूंना राग आला तो याचा. मग काही दिवसांनी राग गेला. एरवी बाटलीवरची चिठ्ठी तीनदा वाचणारा माणूस आयुष्यात एकदा घाईने बोलला, त्याला किती बोलणार?

आठवडा बदलून मागितला तर क्लब म्हणाला, तुमची योजना ठरलेल्या आठवड्याची आहे. पदरी पडलं आणि पवित्र झालं.

मग दरवर्षी भाडेकरू शोधणं आलं. कागदाचा उपयोग नाही हे कळल्यावर काकू मापं घेता घेता विषय काढू लागल्या. माणूस हात वर करून उभा असतो, छातीभोवती टेप असते, तेव्हा तो पळून जाऊ शकत नाही. एका वर्षी नुकतंच लग्न झालेलं जोडपं गेलं. एका वर्षी दातांच्या डॉक्टरांचं कुटुंब. एका वर्षी दोघी बहिणी गेल्या आणि वेगवेगळ्या बसने परत आल्या. परत येणारा प्रत्येक जण काही ना काही सांगायचा आणि काकू मशीनचा पाय न थांबवता ऐकायच्या. पलंग मोठा आहे, उशा फार मऊ आहेत, सकाळी बदकं काठावर येतात. काजवाली विचारायची, “बदकं अंडी देतात का हो? काकूंना त्यांच्या वाटणीची पाठवून द्यायला सांगा.”

सरांना लेक म्हणायची, “बाबा, तुम्ही तरी जाऊन या.” लेक लग्न होऊन दुसऱ्या गावी होती, क्लबचं ऑनलाइन काम तीच करायची. सर म्हणायचे, “एकटा जाऊन काय करू? तळ्याभोवती गस्त घालू?”

पुढे पुढे भाडेकरू शोधायचीही गरज उरली नाही. शाळेचे हेडक्लार्क तो आठवडा घेऊ लागले. हे सरांचे जुने सोबती. काकूंना वहिनी म्हणायचे, काकू त्यांना भाऊजी. दरवर्षी गणवेशांची ऑर्डर त्यांच्याच हातून यायची. किती मुलं, कुठल्या मापाची, कापडाचे तागे कधी येणार, सगळं तेच सांगायचे. पहिल्यांदा त्यांनी भाडं पूर्ण दिलं. पुढच्या वर्षी म्हणाले, “वहिनी, आपल्यात कसलं आलंय भाडं? क्लबचा वर्षाचा खर्च तेवढा मी भरतो.” काकू म्हणाल्या, “तसं करा.” दुसरं काय म्हणणार? ज्याच्या हातात तागे, त्याच्याशी वाद कुठे घालता?

“अडला हरी,” काजवाली म्हणाली.

“गप काज कर,” काकू म्हणाल्या.

यंदाचं वर्ष मात्र वेगळं होतं. क्लबचा करार संपत होता. या वर्षीचा आठवडा शेवटचा. पुढे खोली क्लबची, तळं क्लबचं, बदकंही क्लबचीच. आणि सर निवृत्त झाले होते. दुकानात काकूंच्या मागच्या खुर्चीत बसून ते तोच पेपर पहिल्यापासून पुन्हा वाचत असत. एकदा पेपर खाली न घेता म्हणाले, “शेवटचंच वर्ष आहे म्हणे.”

“हो ना.”

“एकदा बघायला हवं होतं. आपण दोघांनी.”

काकूंनी दोरा तोडला. “ऑर्डर सोडून?”

“नाही, ते कसं जमणार,” सर म्हणाले.

त्यानंतर काही दिवसांनी हेडक्लार्क आले. काकूंच्या समोरच्या खुर्चीत बसले, चहा घेतला, पंख्याचा आवाज येतो म्हणाले. मग म्हणाले, “वहिनी, शेवटचा आठवडा मलाच द्या. नातवंडांना तळं दाखवायचं राहिलंय. तुम्ही तर त्या आठवड्यात मशीनवरच असणार.”

हे खरंच होतं. काकूंनी सरांकडे पाहिलं. सरांनी पेपरची घडी घातली, पुन्हा उघडली. काकूंनी लेकीला फोन लावला. लेक म्हणाली, “आई, नक्की नाव टाकू ना? एकदा टाकलं की मग आपल्या हातात राहत नाही.” काकू म्हणाल्या, “टाक.”

दिवस जवळ आले. काकूंनी मशीनला तेल दिलं, बॉबिनी भरून ठेवल्या, कात्रीला धार लावून आणली. तागे आले नाहीत. त्यांनी हेडक्लार्कना फोन केला. ते म्हणाले, “बघतो वहिनी.” आणखी काही दिवस गेले. पुन्हा फोन केला. बेल वाजत राहिली. काजवाली रोज यायची, रिकामी बसायची, आणि आश्चर्य म्हणजे बोलायची नाही. दुकान इतकं शांत झालं की रस्त्यावरच्या सायकलींच्या घंट्या ओळखू येऊ लागल्या.

मग एके सकाळी एक आई आली. बरोबर तिची मुलगी. आईने पिशवीतून प्लास्टिकचं पाकीट काढून टेबलावर ठेवलं. आत घडी घातलेला निळा स्कर्ट होता, वर शाळेचं नाव छापलेलं.

“काकू, हा कंबरेत ढिला होतोय. जरा आत घ्याल का?”

काकूंनी पाकीट उघडलं. स्कर्ट उलटा केला. कापडाला नव्या दुकानाचा वास येत होता. शिवणीच्या आत जादा कापड ठेवतात, मूल वाढलं की उसवून सोडायला. शिंपी त्याला माया म्हणतात. या स्कर्टात ती जेमतेम दोऱ्याएवढी होती.

“आत घेता येईल,” काकू म्हणाल्या. “पुढच्या वर्षी सोडता नाही यायचा.”

“पुढच्या वर्षी नवीनच घ्यावा लागणार. शाळेतूनच मिळतात ना आता, सगळ्यांना तयार.” मग तिचं काकूंच्या चेहऱ्याकडे लक्ष गेलं. “तुम्हाला माहीत नव्हतं? अहो, मापं कधीच घेऊन गेलेत. परीक्षेच्या आधी म्हणे, नाहीतर नंतर. कधी गं?”

मुलगी म्हणाली, “खेळाच्या तासाला.”

काकूंनी स्कर्ट आत घेतला. मुलीला घालून बघायला सांगितला. पैसे किती विचारल्यावर त्यांनी नेहमीचेच सांगितले. त्या दोघी गेल्यावर काजवाली उठली, दाराशी गेली, परत आली आणि म्हणाली, “मी उद्या येऊ ना काकू?” असा प्रश्न तिने आजवर कधी विचारला नव्हता. काकू म्हणाल्या, “ये की.” उद्या येऊन करणार काय, हे दोघींनीही बोलून दाखवलं नाही.

संध्याकाळी सर बराच वेळ घुटमळत होते. नाही म्हटलं तरी त्यांना लाजच वाटत होती. शेवटी म्हणाले, “वाईट झालं. पण मग… त्या आठवड्यात तू मोकळीच आहेस.”

काकूंच्या हे डोक्यातच आलं नव्हतं. ऑर्डर गेली एवढंच त्यांना दिसत होतं. आता त्यांनी वर पाहिलं. सरांच्या चेहऱ्यावर असं काही होतं की त्यांना हसूच आलं. इतक्या वर्षांनी दोघांचा आठवडा एक झाला होता, आणि तो त्यांनी स्वतःच्या हाताने देऊन टाकला होता.

“लेकीला सांगा फोन करायला,” काकू म्हणाल्या.

लेकीने फोन केला, आणि मालकांनीच बोलायला हवं म्हणून क्लबचा फोन काकूंना जोडून दिला. आधी गाणं वाजलं. मग एक यंत्र बोललं, हे दाबा, ते दाबा. मग पुन्हा गाणं. मग एक गोड आवाजाची मुलगी आली.

“मॅडम, पाहुण्यांचं नाव कन्फर्म झालं आहे.”

“पाहुण्यांचं बरोबर आहे. पण आठवडा आमचा आहे ना?”

“हो मॅडम, आठवडा तुमचाच आहे.”

“मग आम्ही येतो.”

“त्यासाठी पाहुण्यांची संमती लागेल मॅडम. आणखी काही मदत करू शकते का?”

काकूंनी थोडा विचार केला, कारण विचारलंय तर उत्तर द्यायला हवं. मग “नाही” म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी दोघं शाळेत गेली. सुट्टीतली शाळा, व्हरांड्यात बाकं एकावर एक रचलेली, फळ्यांवर जुने सुविचार. ऑफिसच्या खिडकीमागे हेडक्लार्क बसले होते आणि त्यांच्या मागे, छताला टेकतील इतके उंच, तेच प्लास्टिकच्या पाकिटांचे गठ्ठे. काकूंची नजर तिथेच गेली. हेडक्लार्कनी ती पाहिली.

“या वहिनी, या. सर, बसा. कालच म्हणत होतो, तुमच्याकडे यायचंय.” त्यांनी दोन खुर्च्या ओढल्या, एकीवरची धूळ स्वतःच्या रुमालाने पुसली. “काय सांगू तुम्हाला? वरून ठरलं सगळं. माझ्या हातात असतं तर मी होऊ दिलं असतं का?”

“नाही हो,” काकू म्हणाल्या. घरून निघताना त्यांनी जे बोलायचं ठरवलं होतं, त्यात हे वाक्य कुठेच नव्हतं.

सर घसा साफ करून म्हणाले, “ते असो. आम्ही आठवड्याचं विचारायला आलो होतो. म्हणजे, ही आता मोकळी आहे. शेवटचंच वर्ष. तर आम्ही दोघं…”

“अरे वा,” हेडक्लार्क म्हणाले, आणि त्यांना खरोखरच आनंद झालेला दिसला. मग चेहरा पडला. “पण सर, आधी बोलला असतात तर. नातवंडांनी बॅगा भरल्यात हो. धाकटी तर पोहायची टोपी घालून झोपते. आता तिला काय सांगू?”

धाकटीला काय सांगायचं, हे सरांना सुचेना आणि काकूंनाही.

“असं करा ना,” हेडक्लार्क पुढे झुकले. “एक दिवस तुम्हीही या. सकाळी या, संध्याकाळी निघा. भेटायला येणाऱ्यांना आत सोडतात, मी गेटवर नाव देऊन ठेवतो. बघून तर होईल.”

सर म्हणाले, “बघू.”

आपल्याच खोलीत पाहुण्यांचे पाहुणे. काकूंच्या ओठांवर काहीतरी आलं होतं, पण समोरचा माणूस इतक्या मायेने बोलत होता की त्याला धरायचं कुठे तेच कळेना. आपलेच दात, आपलेच ओठ. त्या उठल्या.

“वहिनी, आलाच आहात तर,” हेडक्लार्कनी टेबलाखालून पिशवी काढली. “धाकटीचा फ्रॉक आहे. चेन अडकतेय. तिला तिथे हाच घालायचाय. जायच्या आधी होईल का?”

काकूंनी पिशवी घेतली.

वाटेत सर म्हणाले, “नाही म्हणायचं होतंस.”

“तुम्ही म्हणायचं होतं,” काकू म्हणाल्या.

फ्रॉक पिवळा होता. चेनचा धावता भाग एका बाजूला वाकला होता. काकूंनी जुनी चेन उसवली, दोरे वेचून काढले, नवी लावली. शिवण नको तेवढी चांगली झाली. काजवालीने फ्रॉक उचलून उलटसुलट पाहिला आणि म्हणाली, “मी असते तर उलटी चेन लावली असती. मग बसली असती पोरगी तळ्याकाठी पाठ उघडी टाकून.”

“पोरीने काय केलंय?”

“तेच तर. ज्यांनी काही केलं नाही त्यांनाच पुढे करतात ही माणसं.”

हेडक्लार्कांच्या सूनबाई फ्रॉक घेऊन गेल्या. दोन दिवसांनी ती सगळी तळ्यावर गेली. सर रोज सकाळी म्हणायचे, “जाऊ या का एक दिवस?” आणि काकू म्हणायच्या, “तुम्ही म्हणाल तसं.” सर काही म्हणायचे नाहीत. दोघांनाही ठाऊक होतं, गेटवर उभं राहून आपण कोण हे सांगताना जीभ वळणार नाही.

त्या आठवड्यात दुकानात मोजकी कामं आली, सगळी एकाच जातीची. निळे स्कर्ट आत घ्यायचे. एकाही स्कर्टात सोडायला कापड नव्हतं. काकू काम करत होत्या, पण डोकं भलतीकडेच होतं. दुपारी त्यांनी मशीन थांबवलं.

“अहो, तो आठवडा मागायला आले, तेव्हा परीक्षा झाल्या होत्या का?”

“कोण?” सरांनी पेपर खाली घेतला.

“भाऊजी. त्या समोरच्या खुर्चीत बसले होते. पंखा वाजतो म्हणाले.”

“असेल. आठवत नाही. पंखा लावला होता म्हणजे उकाडा सुरू झाला असणार.”

“आणि मापं खेळाच्या तासाला घेतली. परीक्षा लागल्यावर खेळाचा तास ठेवतात का?”

सर प्रयोगशाळेतले, आठवायचा त्यांनी प्रामाणिक प्रयत्न केला. “काही वर्गांना ठेवतात,” ते म्हणाले. “काहींना नाही. आता काय करायचंय ते कळून? ऑर्डर येणार आहे का परत?”

“नाही येणार.”

“आठवडा?”

“तोही नाही.”

“मग?”

काकूंनी पुढचा स्कर्ट उलटा करून मशीनखाली घेतला, पण पाय हलवला नाही. ऑर्डर वरून गेली असेल. वरच्यांचं त्यांना काही विचारायचं नव्हतं. त्यांना एवढंच कळायला हवं होतं. त्या दिवशी भाऊजी समोर बसून चहा पीत होते, वहिनी म्हणत होते, तुम्ही तर त्या आठवड्यात मशीनवरच असणार असं हसून म्हणाले, तेव्हा ऑर्डर येणार नाही हे त्यांना माहीत होतं का?